हेडलाइटच्या डोळ्यात पडलेलं फूल

रांजणगावच्या कंपनीत मला पगार मिळे तो दुसऱ्यांच्या कामात ओरखडे शोधण्याचा. क्वालिटी इन्स्पेक्टर! ट्यूबलाइटखाली पार्ट धरायचा, एक भुवई वर करायची आणि म्हणायचं, "रिजेक्ट." ज्याला स्वतःला काही करता येत नाही, त्याला हे काम फार चांगलं जमतं.

त्या वर्षी वरवंडला मेहुण्याचं लग्न निघालं आणि सासऱ्यांनी चक्क माझी गाडी नवरदेवासाठी मागितली. आजवर सासरचा असला प्रत्येक मान थोरल्या साडूच्या जीपला जायचा. (जीपमधून आधी पोट उतरायचं, मग साडू.) त्या पोटाला एकदा तरी पायी चालताना बघायचं, एवढीच माझी इच्छा होती. अडचण एकच होती. माझ्या सेकंडहँड गाडीच्या हेडलाइटच्या काचा कावीळ झाल्यासारख्या पिवळ्या आणि धुरकट झाल्या होत्या.

"शिरूरला ग्यारेजात दावा की," माझी बायको मंदा म्हणाली.

"क्वालिटीचा माणूस आहे मी! काच पुसायला गॅरेज कशाला?"

"तुमी नुस्ती नावं ठेवता वो. हातानं केलंय कवा काय?"

झालं! लग्नाच्या दिवशी सकाळीच मी अंगणात बैठक मारली. आधी टूथपेस्ट चोळली. काचेला पुदिन्याचा वास आला, बाकी ढिम्म. मग कंपनीतून आणलेले पॉलिश पेपर काढले. बारीक पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. पण हलक्या हाताची कामं हलक्या लोकांनी करावीत! मी गेटचा गंज काढायचा सगळ्यांत जाड पेपर उचलला आणि कोरडाच घासला. पिवळेपणा साफ गेला. त्याच्या जागी दोन्ही काचा दह्यासारख्या पांढऱ्या झाल्या.

तेवढ्यात आबा आले. माझे वडील. त्यांची हयात मेंढरांमागं गेलेली. आता शेती करत असले, तरी जगातलं कुठलंही दुखणं त्यांना मेंढराचंच वाटायचं. गुडघ्यावर हात टेकून त्यांनी काच न्याहाळली.

"डोळ्यात फूल पडलंय."

"आबा, गाडी आहे ही!"

"व्हय, कळतंय मला. मीठ मारावं लागंल."

मेंढराच्या डोळ्यात पांढरा डाग पडला की आमच्याकडं मीठ चावून त्याची पिचकारी डोळ्यात मारतात. मी "नको, नको" म्हणेपर्यंत आबांनी खडेमीठ चावून दोन्ही हेडलाइटवर पिचकाऱ्या मारल्यासुद्धा! वरून गोडेतेलाचा हात फिरवला.

आणि काचा लख्ख झाल्या! (तेलानं ओरखडे तात्पुरते बुजतात, एवढंच त्यातलं शास्त्र. पण हे मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.)

"बघ, गुण आला," आबा म्हणाले.

मी तडक मंदाला बोलावलं. "बघितलंस? याला म्हणतात पॉलिश पेपरची कमाल!"

न्हावरा, चौफुला करत आम्ही वरवंडला पोचलो. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली सगळी धूळ त्या तेलावर येऊन बसली. साडू दारातच उभे होते.

"पाव्हणं, दिवं शेणानं सारवलं का काय?"

मी लाजेनं लाल झालो. आबांनी मात्र शांतपणे पिशवीतून मीठ आणि तेलाची बाटली काढली. धूळ पुसून पुन्हा पिचकारी, पुन्हा तेल. या वेळी मीच म्हणालो, "आबा, जरा जास्तच मारा."

मुहूर्त गोरज होता. नवरदेव माझ्या गाडीत बसला, पुढं बँड, आणि वरात मारुतीच्या देवळाकडं निघाली. साडू मागून धुळीत पायी येत होते. मी आरशात त्यांच्याकडं बघत होतो, त्यामुळं समोरून घरी परतणारा मेंढरांचा कळप मला दिसलाच नाही.

पहिली मेंढी हुंगत पुढं आली आणि तिनं डावा दिवा चाटला. दुसरीनं उजवा. मग काय! अख्खा कळप गाडीवर तुटून पडला. मी हॉर्न वाजवला. बँडवाल्यांना वाटलं, आपण बेसूर झालो. ते थांबले.

"आबा, हाकला की त्यांना!"

आबा मागच्या सीटवरून हलले नाहीत. "मिठाला आल्यालं जित्राप हाकलू न्हाई."

"जावईबापू, मुहूर्त टळतूया!" सासरे कळपापलीकडून ओरडले. साडू तेवढ्यात जीप घेऊन आलेच! नवरदेव मुंडावळ्या सावरत, मेंढरं ओलांडत त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसला. बँड पुन्हा सुरू झाला आणि वरात निघूनही गेली.

मेंढरांचं समाधान झालं तेव्हा काचेवर ना तेल उरलं ना मीठ. दोन पांढरेफटक डोळे आणि त्यांवर माझ्या हातचे ओरखडे, तेवढे शिल्लक होते. मंदा हात बांधून समोर उभी राहिली.

"पॉलिश पेपरची कमाल!"

सोमवारी मी कामावर गेलो. ट्यूबलाइटखाली पहिलाच पार्ट धरला, त्यावर केसाएवढा ओरखडा दिसला. मी एक भुवई वर केली आणि अख्खा लॉट रिजेक्ट केला!