नसलेली खिडकी

"थांबा जी, अजून कोनी राहाले नाही आलं."

बाईंचे हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आमच्या वसाहतीत सापडणार नाही. त्याचा खरा अर्थ सांगू शकेल असाही, माझ्याखेरीज, सापडणार नाही. लोक सांगतात की धरणात बुडालेल्या गावच्या आठवणीने बाईंचा ऊर भरून येई आणि त्या असे काहीतरी पुटपुटत. लोकांना ऊर भरून आणण्याची फार हौस असते. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. बाई त्या वेळी काय करीत होत्या ते मी माझ्या सपरीतून, म्हणजे ओसरीतून, रोज पाहिले आहे, म्हणून जे लिहितो ते सरळ लिहितो.

बाई खोल्या सजवीत. सफरचंदाची लाकडी पेटी आडवी ठेवायची, तिची एक बाजू उघडी सोडायची, आणि आत शेतकऱ्याच्या घराची एक खोली उभी करायची. कुठे सपरी, कुठे धान साठवायची ढोली असलेली खोली, कुठे गोठा. टसर रेशमाच्या कोशाची अर्धी टरफले म्हणजे मडकी. भंडाऱ्याच्या पितळेच्या कारखान्यातून आणलेल्या कातरणीचा पाणी भरायचा गुंड, नखाएवढा. बोटावर वळवून भाजलेली छपराची कवेलू. हे सारे जागच्या जागी बसले की पाहणारे "वा, झाली खोली!" म्हणत, आणि बाई वरील वाक्य म्हणत. मग त्या सुपातले तांदूळ थोडे एका बाजूला सारीत, खडे दुसऱ्या बाजूला. पाट किंचित तिरका करीत. दाराशी एक चप्पल सुलटी, एक उलटी. आता त्या खोलीत कोणीतरी राहायला आलेले असे आणि नुकतेच उठून बाहेर गेलेले असे. एवढाच त्या वाक्याचा अर्थ. सजावटीचा शेवटचा हात.

दुसरी अफवा मातीची. भिंतींना लावलेली माती बाईंनी म्हणे जुने गाव सोडताना पदरात बांधून आणली होती. एका वर्तमानपत्रात तसे छापूनही आले. ती माती नळाच्या पाइपासाठी माझ्या दारापुढे खणलेल्या चरातली आहे. पहिले घमेले मी स्वतः उचलून दिले, कारण तो ढीग माझ्या दारात होता आणि मला तो नको होता. बातमी वाचून दाखवली तेव्हा बाई खो-खो हसल्या.

"पदरात माती बांधली असती, तं भांडे कायच्यात बांधले असते जी?"

तिसरी गोष्ट माणसांची. बाईंच्या खोल्यांत माणूस नसे. पाहुणे येत, त्या रिकामेपणाकडे बघत, उसासे टाकत, विस्थापितांविषयी काहीबाही बोलत. मी एकदा सर्वांदेखत विचारले, "बाई, माणसे का करीत नाही?"

"नाक जमत नाही मले," त्या म्हणाल्या. "दोनदा केलं. एकाचं वांगं झालं, एकाचं झालंच नाही."

गोसीखुर्दच्या पाण्याखाली आमचे गाव गेले हे खरे. त्याचे दुःख झाले हेही खरे. मी ते नाकारीत नाही. परंतु बाई सकाळची कामे आटोपून, पाय पसरून, मांडीवर पेटी घेऊन बसत तेव्हा त्या दुःख करीत नव्हत्या. त्या अत्यंत सुखात असत. गुणगुणत असत, तेही बेसूर. ज्याने ते गुणगुणणे ऐकले आहे तो शोकाची गोष्ट तोंडातून काढणार नाही.

आता मुख्य वादाकडे येतो.

मी मुख्याध्यापक होतो. चूक दिसली की ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही, आणि यात मला काही गैर वाटत नाही. बाईंनी माझ्या जुन्या घराची सपरी केली तेव्हा आरामखुर्चीचे तोंड रस्त्याकडे होते. मी म्हणालो, ती विहिरीकडे हवी. बाईंनी त्याच बैठकीत ती फिरवली. पितळी गुंडाचा काठ रुंद झाला होता; मी सांगताच कातरला. म्हणजे बाई अचूकपणाच्या विरोधात होत्या असे कोणी म्हणू नये. पण त्यांनी आपले स्वतःचे स्वयंपाकघर केले, आणि चुलीच्या वरच्या भिंतीत एक खिडकी केली.

"बाई, ही खिडकी कुठून आली?"

"भिंतीतून."

"तुमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती."

"नव्हतीच ना जी. म्हनून तं लावली."

"हे चूक आहे."

"शाळा सुटली, गुरुजी," बाई म्हणाल्या आणि चुलीत काडी सरकवू लागल्या.

हा वाद पुढे दर आठवड्याला झाला असेल. मी माझ्या घरून खुर्ची नेत असे, कारण माझे गुडघे मला जमिनीवर बसू देत नाहीत. पेटी खाली फरशीवर, बाई तिच्याशेजारी, आणि मी वरून हरकती घेत असे. मी म्हणत असे की आमच्या गावच्या स्वयंपाकघरात धूर असे. भिंती काळ्या असत. तुमच्या या भिंती उजळ कशा? त्यावर बाईंनी दिव्याची काजळी बोटाने भिंतीवर ओढली, परंतु सरळ वर नाही, तर तिरकी, खिडकीपर्यंत.

"धूर आता तिकडून जाते," त्यांनी मला समजावले.

मी निरुत्तर झालो असे वसाहतीतले लोक सांगतात. मी निरुत्तर झालो नव्हतो. मला चहा आला होता.

गेल्या वर्षी बाईंनी ठरवले की आता लेकीकडे, एकोडीला, कायमचे जायचे. गुडघे त्यांचेही माझ्यासारखेच झाले होते आणि लेक मागे लागली होती. लेकीचे घर चांगले, पण भरलेले. पेट्या ठेवायला तिथे जागा म्हणजे माळा. आणि माळ्यावर उंदीर. बाईंच्या साऱ्या खोल्या तांदळाच्या खळीने चिकटवलेल्या. उंदरांना वर्षभर पुरेल एवढी मेजवानीच ती. या एका गोष्टीने मात्र बाई बेचैन होत्या. "लोकं पाहतीन तं खोली जित्ती राहते," त्या म्हणत. "माळ्यावर कोन पाहते जी? घूस?"

त्याच सुमारास भंडाऱ्याहून एका संग्रहालयाच्या दालनाची मंडळी आली. बुडालेल्या गावांतील राहणीचे कायमचे प्रदर्शन ते मांडणार होते. त्यांच्यातले प्रमुख चष्मेवाले गृहस्थ पेट्यांपुढे चक्क पालथे झोपून पाहू लागले. बाईंना ते फार आवडले. सगळ्या खोल्या नेतो म्हणाले, काचेत ठेवतो म्हणाले. बाई कांदा चिरीत होत्या, भज्यांसाठी. त्यांच्या हाताला एकदम वेग आला.

मग गृहस्थ स्वयंपाकघरापाशी थांबले.

"आजी, सगळं अप्रतिम आहे. फक्त ही खिडकी. आम्ही बरीच घरं पाहिली आहेत, चुलीवर अशी खिडकी कुठे आढळली नाही. दालनात जसं होतं तसंच हवं. एवढी बुजवून द्याल?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"एक लहानसा तुकडाच लावायचा आहे..."

"मंग ही खोली नोका नेऊ. बाकीच्या न्या."

गृहस्थ अडचणीत आले. स्वयंपाकघरावाचून घर कसे दाखवणार? आणि एक खोली मनाने केलेली आहे असे कळले, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील? संच न्यायचा तर सगळा, नाहीतर पुन्हा विचार करावा लागेल, असे ते अतिशय सौजन्याने म्हणाले. पुन्हा विचार करणे म्हणजे काय ते दारात जमलेल्या सगळ्यांना कळले. बाईंनाही कळले. त्यांची सुरी थांबली, पण त्यांनी होकारार्थी मान हलवली नाही.

"गुरुजी," गृहस्थ माझ्याकडे वळले, "तुम्ही याच गावचे. तुम्हीच सांगा. होती का अशी खिडकी कोणाच्या घरी?"

यापुढे काय घडले याच्या तीन हकिकती वसाहतीत चालू आहेत. पहिली अशी की शेजारधर्म म्हणून मी शपथेवर सांगितले, होती. दुसरी अशी की मी जुना राग काढला आणि बाई रडल्या. तिसरी अशी की मी त्या गृहस्थांच्या अंगावर धावून गेलो. तिन्ही खोट्या. तिसरी हकिकत सांगणारा तर माझ्या गुडघ्यांना ओळखतही नाही.

मी खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, "नव्हती. आमच्या गावात एकाही चुलीवर खिडकी नव्हती."

दारातून कोणीतरी "अरे बाप्पा!" म्हणाले. किराणा दुकानदार हळूच म्हणाला, "गुरुजी, आज तं सोडा ना जी." मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. बाईही माझ्याकडे पाहत नव्हत्या. ताटातला कांदा उगीच इकडचा तिकडे करीत होत्या.

"परंतु," मी म्हणालो, "तुमचा प्रश्न अपुरा आहे. ते घर गवंड्याने बांधले आणि मालकाने पसंत केले. चुलीपाशी बसणारीला त्या वेळी कोणी विचारले नव्हते. ही खोली तिने बांधली आहे. जसे होते तसेच हवे असेल, तर एखादे छायाचित्र शोधा. या पेट्या नेऊ नका. आणि खिडकी बुजवाल तर त्या भिंतीवरची काजळी खोटी ठरेल, कारण ती खिडकीकडे ओढलेली आहे. मग तीही पुसा. मग भिंत काळी करा. मग ही खोली तुमची झाली, बाईंची राहिली नाही."

"पण गुरुजी, पाहणाऱ्यांची दिशाभूल होईल."

"होणार नाही. खाली दोन वाक्ये लिहा. 'खिडकी नव्हती. ती बाईंनी केली.' दोन्ही लिहा. एक जरी गाळले तरी मी येऊन आक्षेप घेईन."

गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. स्वयंपाकघरापुढे पुन्हा एकदा झोपले. तसेच झोपलेल्या अवस्थेत म्हणाले, "लिहू. दोन्ही वाक्यं लिहू."

"दुसरं मोठ्या अक्षरात लिहजा," बाई म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, ते कांद्याचे. हेही येथे नमूद करून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या हकिकतीचे तोंड बंद होईल. भजी उत्तम झाली होती. मला पहिली थाळी मिळाली, आणि थाळी देताना बाई एवढेच बोलल्या, "शेवटी नव्हती म्हटलंच ना जी तुमी!"

"नव्हतीच."

"नव्हतीच," त्या म्हणाल्या, आणि आणखी दोन भजी वाढली.

बाई आता एकोडीला आहेत. त्यांचे घर कुलूपबंद आहे. माझ्या सपरीतून समोर पाहिले की बंद दार दिसते, आणि वाद घालण्याजोगे तिथे काही उरलेले नाही. फोन मात्र येतो. लेकीच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत, एकीतून धानाचे बांध दिसतात, असे त्यांनी मला दोनदा सांगितले. नव्या पेट्या चालू आहेत का, असे विचारले तर म्हणाल्या, "नातीचं नाक पाहून पाहून शिकून राहिली. आता तं माणसं करतो!" आवाजावरून प्रकृती चांगली वाटली.

मागच्या महिन्यात मी भंडाऱ्याला गेलो आणि दालनात जाऊन दोन्ही वाक्ये तपासली. शुद्धलेखन ठीक आहे. दुसरे वाक्य खरोखरच मोठ्या अक्षरात आहे.

तिथे पेट्या फरशीवर नाहीत, उंच चौथऱ्यावर आहेत. स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आले, आणि ज्या खिडकीशी मी इतकी वर्षे वरून भांडलो, तिच्यातून पलीकडे पाहण्याचा प्रसंग मला प्रथमच आला. पेटीच्या मागे पुठ्ठ्याचा एक उथळ डबा चिकटवलेला आहे. मी त्याला आधार समजत होतो. तो आधार नाही. तिथे एक अंगण आहे.

जुन्या गावात बाईंचे घर आणि आमचे घर पाठीला पाठ लावून होते. मधे बाईंची चुलीची भिंत आणि आमची सांदवाडी, म्हणजे मागचे अंगण. माझी पत्नी तिथे भांडी घाशी, आणि भिंतीपलीकडे बाई भाकरी थापीत. दोघी आयुष्यभर त्या भिंतीतून ओरडून बोलल्या. "मास्तरीनबाई, झाला का सैपाक?" ही हाक मी वर्गावर निघताना रोज ऐकत असे. पत्नी नव्या गावात फार दिवस जगली नाही. त्या हाकेचे मग काय झाले, याचा मी कधी विचार केला नव्हता.

त्या डब्यात आमची सांदवाडी होती. राखेचा ढीग, घासून उपडी घातलेली कोशाची भांडी, त्यांतले एक अजून ओले वाटावे असे चमकवलेले. दोरीवर निळे लुगडे. आणि तुळशीचे वृंदावन.

वृंदावन आमच्याकडे उजव्या हाताला होते. बाईंनी ते डावीकडे ठेवले आहे. उजवीकडे असते तर खिडकीच्या चौकटीआड गेले असते आणि सकाळी तिथे पाणी घालायला येणारी मास्तरीनबाई चुलीपाशी बसलेलीला दिसली नसती. दालनातल्या कर्मचाऱ्याने माझ्याजवळ येऊन अदबीने विचारले, "गुरुजी, काही चुकलंय का?"

मी म्हणालो, "काही नाही. सगळे बरोबर आहे."