कार्डावर नव्हतं ते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी नको ते सगळं सांगत असे.

परवा नात कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहीत बसली होती. म्हणाली, "आजी, यात कोणतं फंक्शन, म्हणजे तयार लिहून ठेवलेलं काम, बोलवायचं ते आधी ठरलेलं नसतं. ऐन वेळी नाव येईल ते धावतं. कुणाला दोन गोष्टी द्यायच्या, कुणाला पाच." मी हसले. अगं, हे तर मी पाचवीत असताना नालवाडीत करत होते!

त्रेपन्न-चोपन्न साल असेल. शेजारच्या बाया माझ्याकडून पत्रं लिहून घेत. मी आळशी, वर दीडशहाणी — वहीत तीनच पत्रं तयार ठेवलेली. खुशालीचं, बोलावण्याचं, सुतकाचं. बाई बोलू लागली की एक उचलायचं, नावं भरायची, सुटले! केवढी हुशार, नाही का?

सरजाबाईचा नवरा नागपूरला गिरणीत होता. ती म्हणाली, "लिही वं पोरी, लेकरं खुशाल हायेत." मी लगेच खुशालीचं उतरवायला घेतलं. मग म्हणाली, "पन माही माय लय बिमार हाय. पत्र भेटल्याबराबर या, मले तिच्यापाशी नेऊन द्या."

खुशालीच्या पत्रात मायला जागाच नव्हती. पोस्टकार्ड एकच. आणि अंगणात मैत्रिणी लंगडीसाठी खोळंबलेल्या. मी 'काळजी नसावी' लिहून मोकळी झाले.

तो आला नाही. माय गेली.

महिन्याने तो आला, तेव्हा सरजाबाई त्याला कार्डासकट आमच्या ओट्यावर घेऊन आली. दोघांनाही अक्षर येत नव्हतं. "वाच वं! हे म्हन्तेत, मायचं काहीच नोतं. काऊन खोटं बोलून राह्यले?"

किती आडवळणं घेते आहे मी — सांगतेच आता. नजर 'काळजी नसावी'वर होती. आणि तोंडाने मी खणखणीत वाचलं, "माझी आई फार आजारी आहे. पत्र मिळताच यावे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मले तं असं कोनी वाचून नाई दाखवलं," एवढंच म्हणाला. सरजाबाईने कार्ड चुलीत घातलं. पुढे जन्मभर तो घरी आला की ती त्याला ताट वाढायची, बोलायची नाही. मी शेजारीच होते. माझं लग्न होईपर्यंत दर वेळी बघत होते.

नातीने एक गोष्ट जास्तीची दिली, तर तिचा कॉम्प्युटर अडून बसला. लाल अक्षरांत सांगितलं त्याने, हे माझ्यात बसत नाही. मला नसतं सांगता आलं?

त्या दिवशी सरजाबाईने ओटीतली बोरं माझ्या हातावर ठेवली — खरं वाचलं म्हणून. मी तिथेच उभी राहून खाल्ली. सगळी.