आप्पांच्या आवाजाची वाटणी

धाकट्या भावाने शटरच्या गजाने माझा पुढचा दात पाडला आणि मी स्टुलाने त्याचं डोकं फोडलं. उदगीरच्या मोंढ्यात लोक अजून सांगतात, दोघं म्हातारे गाण्यांपायी रक्त निघेपर्यंत मारामारी करत होते. गाण्यांपायी कोण मरतो? आप्पांच्या आवाजापायी झालं ते. आप्पा म्हणजे आमचे वडील.

मोंढ्याच्या तोंडालाच आमचं दोघांचं दुकान. आधी कॅसेटी विकल्या, मग मोबाइलची मेमरी कार्डं गाण्यांनी भरून द्यायला लागलो. ट्रॅक्टरवाले, बँडवाले, जत्रेतले पाळणेवाले सगळे आमच्याकडेच यायचे. मी तिसरीत शाळा सोडली. हार्डडिस्कवरचं इंग्रजी मला लागत नाही, म्हणून दुकानातल्या चारी डिस्कांवर पांढऱ्या ऑइलपेंटने पट्ट्या ओढल्या. एक पट्टी सिनेमाची, दोन लग्नाच्या. कानडी-तेलगू गाण्यांच्या डिस्कवर एक उभी रेघ. भजनाच्या डिस्कवर तीन आडव्या पट्ट्या, आपण कपाळाला भस्म लावतो तशा.

आणि एक कायदा केला. एक गाणं एकाच डिस्कवर राहील. कॉपी करायची नाही, कट करून हलवायचं आणि मागचं पुसायचं. गिऱ्हाइकाला नक्कल चालते, घरात असल पाहिजे. मी उभा जन्म कॅसेटी भरल्यात. कॅसेटवरून कॅसेट भरली की आवाज बसतो, आणि फार वेळा नक्कल काढली की असल कॅसेटसुद्धा झिजते. हे मी कुठे वाचलेलं नाही, कानाने ऐकलेलं आहे.

आप्पा दिवसभर आडतीवर पोती तोलायचे आणि सोमवारी महादेवापुढे भजनाला बसायचे. आवाज असा की बाहेर उभी असलेली बैलं कान टवकारायची. हातही तसाच. आम्ही सुराला चुकलो की हातातला टाळ फेकून मारायचे. माझ्या भुवईवर त्याची खोक आहे, धाकट्याच्या कानामागे आहे. त्यांचं एकच भजन कॅसेटवर उतरलेलं होतं. कॅसेटला बुरशी धरली तेव्हा मी ते डिस्कवर घेतलं, तीन पट्ट्यांच्या. बाकी कुठेच नाही.

मग धाकट्याला वेगळं व्हायचं सुचलं. वाटणीला आमचे मामा आले, सोबत समाजातले दोन जाणते. दुकानाच्या पायरीवर बसले. भांडी वाटली, फळ्या वाटल्या, कपाट वाटलं.

मामा म्हणाले, "ह्या डब्या किती हायत?"

"चार," मी म्हणालो.

"मग दोन तुझ्या, दोन त्याच्या. झालं की."

"तीन पट्ट्यांची माझी," आम्ही दोघं एकदमच बोललो.

धाकटा म्हणाला, "अण्णा, कॉपी काढू की. दोन मिनटाचं काम हाय. तुझ्याकडं बी ऱ्हाईल, माझ्याकडं बी."

"बाप काय नकलेनं वाटतेत व्हय रे?"

"बरं, असल तू ठेव. नक्कल मला दे."

"न्हाई. नक्कल काढली की असलातला जीव जातो."

"ती कॅसेट न्हाई, अण्णा! किती येळा सांगू? डोक्यात भुसा भरलाय का?"

मामा मध्ये पडले. "देव्हारा थोरल्याकडं जातो. भजन बी थोरल्याकडं जाऊ दे."

"देव्हारा न्या, मामा," धाकटा उठला. "पण आप्पा गेले तवा डोकं माझ्या मांडीवर होतं. हे साहेब मुरुडच्या बाजारात कॅसेटी विकत बसले होते. मला त्यांचा आवाज पायजे. सरळ दे, न्हाईतर मी घेईन."

"घेऊन दाखव," मी म्हणालो.

त्याने दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात आलो तर शटर अर्धं वर, कॉम्प्युटर चालू, तीन पट्ट्यांची डिस्क वायरला लावलेली आणि पडद्यावर कॉपीची हिरवी पट्टी पुढे सरकत होती. मला वाटलं, कोणी माझ्यादेखत आप्पांच्या अंगातलं रक्त काढून घेतंय. मी वायर धरली आणि हिसडली. डिस्क फिरत होती, ती तशीच टेबलावरून शहाबादी फरशीवर आदळली.

"अण्णा, काय केलंस!" कॉम्प्युटरपुढे बसलेला धाकटा ओरडला आणि गज घेऊन आला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर. मी दात थुंकला आणि स्टूल उचललं. त्याला काउंटरवर पाडला, काच फुटली, तरी गडी माझा गळा सोडेना. आमच्या चपलांखाली डिस्क इकडून तिकडे जात होती. शेजारच्या हमालांनी ओढून काढलं तेव्हा त्याच्या कपाळातून धार लागली होती आणि माझं धोतर लाल झालं होतं.

कॉम्प्युटरवर काहीच उतरलं नव्हतं. त्याला टाके पडल्यावर डिस्क लावून पाहिली. आतून नुसतं टक् टक् वाजलं, आणि मग तेही बंद पडलं.

मामांनी दोघांनाही नांदेडच्या एसटीत एका बाकावर बसवलं. डिस्क मध्ये. नांदेडला असल्या डिस्कांमधून माल काढून देणारं दुकान आहे म्हणे. अख्ख्या रस्त्यात आम्ही तोंडं फिरवून बसलो. दुकानदार चाळिशीचा, शांत. त्याने झाकण काढलं. आत आरशासारख्या दोन गोल चकत्या, एकीवर एक. दोन्हींवर गोल खरवडल्याच्या खुणा.

"काका, ह्यातून आता काही निघायचं नाही."

"एक ओळ तरी?" धाकट्याने विचारलं.

"एक अक्षर नाही."

धाकटा भिंतीला टेकला. मग म्हणाला, "चकत्या सोडवून द्या. घरी नेऊ."

दुकानदाराने दोन्ही काढून काउंटरवर ठेवल्या. धाकट्याने वरची उचलली. मी त्याचं मनगट धरून पिरगाळलं.

"वरची माझी. थोरला मी हाय."

"सोड, अण्णा."

"तू सोड."

त्याने दुसऱ्या हाताने माझी मानगूट धरली. मी त्याला काउंटरवर दाबला, टाके उसवून रक्त काचेवर सांडलं. दुकानदार ओरडत होता, "अहो काका, दोन्ही सारख्याच आहेत! दोन्हीत काहीच नाही!"

त्याला काय कळणार? वरची मीच आणली.