रहमतबीच्या गळ्याचं माप

राजुऱ्यात अयूब टेलरच्या टेपला फसवणं कुणाला जमलं नाही. पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या नवरदेवाला तो "साँस सोडा, भाऊ" म्हणायचा आणि मगच आकडा मोठ्यानं सांगायचा. मुलगी जोया तो वहीत लिहून घ्यायची. माप मोठ्यानं बोलायचं आणि बोललेलं बदलायचं नाही, हा त्याचा कायदाच होता. तो कायदा त्यानं एकाच माणसासाठी मोडला. ती त्याची बायको.

रहमतबीला बारा वर्षांपासून थायरॉइडचा आजार. आजारही तऱ्हेवाईक: शरीराच्या राखणीला असलेल्या पांढऱ्या पेशी बाहेरचा शत्रू सोडून तिच्याच गळ्यातल्या ग्रंथीवर तुटून पडल्या होत्या. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, अंगाला सूज, हातपाय गळालेले. "माह्या घरचे चौकीदारच मले लुटून राह्यले," असं ती म्हणायची. गळाही जरा फुगलेला. तिला बंद गळ्याचे कुर्ते आवडत, आणि ते तंग झाले की तिचं तोंड उतरायचं. म्हणून हा शहाणा काय करायचा? गेली चार वर्षं दर ईदला तिच्या कुर्त्याचा गळा गुपचूप आणखी पाव इंच सैल शिवायचा. आकडा बोलायचा नाही, लिहवून घ्यायचा नाही. प्रेमापोटी माणूस अक्कल कशी गहाण टाकतो ते बघा.

यंदा तिचा घास अडू लागला, तेव्हा दोघं चंद्रपूरला गेले. सुई घालून तपासणी झाली आणि थायरॉइडचा कॅन्सर निघाला.

"गाठ एवढी वाढली, समजलं नाई काऊन?" डॉक्टर मंजुषाबाईंनी विचारलं.

"कपडे तं कधी तंग झाले नाई, मॅडम," रहमतबी म्हणाली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं अयूबला वाटलं. कॅन्सर गळ्यातल्या इतर गाठींत पसरला असेल, तर तो आपण वाढवलेल्या त्या पाव पाव इंचानंच पसरला, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. ऑपरेशन झालं, थायरॉइड काढला, आसपासच्या काही गाठीही तपासणीला गेल्या. रिपोर्ट येईपर्यंत दहा दिवस हा माणूस धड जेवला नाही, आणि पाव इंचाचं कुणाला कळूही दिलं नाही.

मंजुषाबाईंनी नुसता कागद हातात दिला नाही. कॉम्प्युटरवर तपासणीचा मोठा केलेला फोटो दाखवला. गुलाबी पसारा, मधे कॅन्सर, आणि त्याच्या चहूबाजूंनी जांभळे ठिपके, हजारोंनी, जवळजवळ घातलेल्या तुरपाईच्या टाक्यांसारखे.

"हे कोण?" अयूबनं विचारलं.

"तेच. बाईले बारा वर्सं छळणारे. पांढऱ्या पेशीच, रंग लावला म्हून जांभळ्या दिसून राह्यल्या. आणि भाऊ, आजूबाजूच्या काढलेल्या एकाही गाठीत कॅन्सर नाई."

अयूब खुर्चीच्या पाठीला धरून ऐकत राहिला. थायरॉइडची ही सूज असलेल्यांच्यात असा कॅन्सर जास्त वेळा सापडतो, असं बाई सांगत होत्या. पण दोन्ही एकत्र असले, तर तो बरेचदा कमी पसरतो आणि उलटूनही कमी येतो.

"बाईच्या गळ्यात याईनंच अडवला, हे मी छातीठोक नाई सांगू शकत. असं काऊन होते, तेही अजून पुरतं कळलं नाई. तपासणी चुकवू नका."

अयूबची नजर पडद्यावरून हलेना. ज्यांना घरात बारा वर्षं शिव्या घातल्या, त्यांची ही गर्दी! आपण शिवलेल्या कापडाखाली केवढं काय चाललं होतं, आणि आपल्याला त्यातलं काडीचं ठाऊक नव्हतं. "या अल्ला," एवढंच तो पुटपुटला आणि सगळ्यांदेखत रडला.

मग त्यानं तिथंच, डॉक्टरांसमोर, पाव पाव इंचाचं सगळं सांगून टाकलं. रहमतबी राजुऱ्यापर्यंत गाडीत त्याच्याकडे पाठ फिरवून बसली.

महिन्याभरानं जखम भरली. एका सकाळी ती दुकानात आली आणि गिऱ्हाईकाच्या जागी उभी राहिली.

"घ्या माप," ती म्हणाली. "आन् मोठ्यानं बोला. आता लपवाल तं टेप चुलीत घालीन."

अयूबनं ताज्या व्रणाला धक्का न लावता टेप फिरवला.

"तेरा!" तो ओरडला, एवढ्या मोठ्यानं की समोरचा चहावाला बाहेर येऊन बघू लागला.

जोयानं वहीचं नवीन पान उघडलं आणि वर आईचं नाव लिहिलं.