लवंगेच्या वासाची द्राक्षं

माझा मामा पिशव्या करतो, एवढंच नातेवाइकांना माहीत. तो शिवणकाम करतो असंही काहींना वाटतं. खरं तर तो एका प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून पारदर्शक फिल्म बनवायचा. मातीत पुरली की कुजून जाणारी. तिच्यात लवंगेचं तेल मिसळायचं, म्हणजे आत गुंडाळलेल्या फळाला बुरशी धरणार नाही, हा त्याचा ध्यास.

फिल्मने त्याला फार छळलं. काचेवर ओतून वाळवली की कधी तडकायची, कधी रुसलेल्या जावयासारखी जागची हलायची नाही. ती एकदाची वठणीवर आली, पण बुरशी काही हटेना. मग मामा तेल वाढवत गेला.

मामी दारातच अडवायची. "अहो, शर्ट बाहेरच काढा. दातांच्या दवाखान्यातून आल्यासारखे येता."

"मला तर कसलाच वास येत नाही."

"तुमच्या नाकाने कधीच संन्यास घेतलाय."

मामा हसायचा. दिवसभर त्याच तेलात हात घालणारे त्याचे सहकारीही 'वास नाही' म्हणायचे, मग बायकोचं कोण ऐकतो? फिल्म किती ताणते, मातीत कधी कुजते, सगळं तपासलं. फळं चाखलीही, पण त्यांनीच.

फळांचा मोठा व्यापारी बघायला येणार होता. त्याने होकार दिला तर कारखाना, नाहीतर हे काम बंद, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं.

त्या दिवशी फिल्ममध्ये गुंडाळून ठेवलेल्या द्राक्षांचा डबा उघडला. द्राक्षं टवटवीत, बुरशीचा ठिपका नाही. व्यापाऱ्याने एक तोंडात टाकलं.

"टिकलीत झकास. पण दाढ कुणाची दुखतेय?"

सगळे हसले. मामाही हसला, आणि मग त्याला कळलं.

"तेल कमी करतो, साहेब," मामा व्यापाऱ्याला म्हणाला.

"आणि बुरशी?" व्यापाऱ्याने विचारलं.

मामीचं वर्षभर आधी मनावर घेतलं असतं, तर दुसरा अर्क शोधायला वेळ होता. आता नव्हता.

उरलेली द्राक्षं त्याने घरी आणली. पोरांनी एकेक तोंडात घातलं आणि बेसिनकडे पळाली. मीही जरा वेळाने त्याच दिशेने गेलो.

"तू सांगत होतीस," मामा म्हणाला, "मी थट्टेवारी नेलं." मग एकेक द्राक्ष खात राहिला. "मला तर चांगली लागतायत गं."

मामी शेजारी बसली. एक उचललं, सावकाश चावलं, गिळलं.

"गोड आहेत," ती म्हणाली.