पाण्यावरचा तवंग

शांतामावशींची विहीर गेल्या मंगळवारी सकाळी नासली. शेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली डिझेलची टाकी गळत होती. पाण्यावरचा तवंग मोरपिसासारखा देखणा होता, आणि मला त्या देखणेपणाचाच राग आला.

पंपमालक म्हणाला, “थेंबभरच गळलंय, मावशी.”

“मग तुझ्या चहात घाल की थेंबभर!”

वर प्रत्येकाचं कुंपण वेगळं असतं, पण खालचं पाणी कुणाचा सातबारा बघून वाहत नाही. काल मी गावातल्या बायकांना ग्रामसभेत मांडायच्या नियमाचा मसुदा वाचून दाखवला: विहिरींजवळ इंधनाची टाकी नको, जुन्या टाक्यांची तपासणी दरवर्षी गावासमोर. मतदान नव्हतं, तरी मावशींचा हात वर गेला. मग सगळ्याच बायकांचे गेले.

रविवारी ग्रामसभा आहे. घरी बसून हळहळू नका, या आणि हात वर करा.