जीपचा ताप

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास मी आरोग्य खात्यात नर्स म्हणून लागले. जिल्हा नवा, पण आम्हाला मिळालेली जीप जुनी. तिचे ड्रायव्हर पन्नाशी उलटलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. कोणी जीपचं दार आपटलं की मामा दिवसभर त्याच्याशी बोलत नसत.

दुष्काळात ती जीप तापायला लागली. लसीची पेटी मांडीवर घेऊन मी बसलेली असायची आणि अहमदपूरच्या रस्त्याला चढ लागला की तापमानाचा काटा लाल खुणेवर. मामा सावली बघून थांबत आणि इंजिन निवेपर्यंत तिच्यापाशी उभे राहत. गॅरेजवाल्यानं पंख्याचा पट्टा बदलला, थर्मोस्टॅट बदलला. फरक पडला नाही. शेवटी तो म्हणाला, "इंजिनच खोलावं लागंल." मामांचा चेहरा उतरला.

मला गाडीतलं काही कळत नव्हतं. तापाच्या रोग्याला विचारतात तेवढं विचारता येत होतं.

"मामा, उभी असताना तापते का पळताना?"

"उभी असली की काय न्हाई. चढाला लागली की वर जातंय."

"पाणी कुठं गळतं?"

"थेंब न्हाई. तेल बी साफ हाय. आतून धड हाय ती, सिस्टर."

पुढच्या वेळी वाफ बसल्यावर मी रेडिएटरच्या जाळीवर जपून हात फिरवला. वरचा भाग अजून चटका देत होता, मधे मात्र मोठा पट्टा जवळजवळ गार.

"इथपर्यंत गरम पाणी पोचतच नाही, मामा."

त्यांनीही हात लावून पाहिला. मग म्हणाले, "नळ्या चोंदल्या. खाऱ्या पान्यानं."

"पण तुम्ही तर घरून गोड पाण्याचा कॅन आणता."

"आनतो की." ते दुसरीकडं बघायला लागले. "तुमी शाळेत लस टोचत असता, तवा बाया येतेत, लेकरं येतेत. प्यायला मागतेत. इंजिनाचं पानी हाय म्हनून कसं सांगू? त्यांला देतो आन् हिच्यात बोअरचं वततो."

इतके दिवस मी त्यांच्या शेजारी बसून फिरत होते आणि मला याचा पत्ता नव्हता.

लस आणायला नांदेडला गेलो तेव्हा रेडिएटरवाल्या चाचांकडे जीप नेली. त्यांनी रेडिएटरची टाकी उकलली आणि नळ्यांतून सळई घातली, तसे पांढरे पापुद्रे खाली पडायला लागले.

"मामू, इसको चुना पिलाए क्या?" चाचांनी विचारलं.

मामांनी मान खाली घातली. मीच म्हणाले, "दुष्काळाचं पाणी आहे, चाचा. मिळेल ते घातलं."

परतताना काटा मधेच थांबून राहिला. मामांचा विश्वास बसेना. लोहा गाव येईपर्यंत ते काचेवर टिचकी मारून बघत होते, काटाच अडकलाय की काय म्हणून.

सोमवारी मी माझ्या क्वार्टरवरून आणखी एक कॅन भरून आणला आणि मागच्या सीटवर ठेवला. पहिल्या गावात मी शाळेकडे निघाले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. हापशापाशी उभ्या असलेल्या बायांना ते सांगत होते, "या इकडं. हे पानी सिस्टरनी आनलंय."